हळद न धरलेलं पातळ

मामाजी गेल्याची बातमी मला बसच्या कंडक्टरनं दिली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि वडिलांचं दुखणं म्हणून मी कोंढ्याला, माहेरी, आले होते. सकाळची गाडी गावात थांबली. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत धरून थेट आमच्या दारात आला. "साकोलीहून निरोप आहे, बाई. तुमचे सासरे... कापडवाले नारायणसेठ... पहाटे गेले." एवढं बोलून तो घुटमळला आणि म्हणाला, "माझ्या लग्नातलं धोतर त्याईनंच फाडून देल्लं होतं. पाच मिनिटं गाडी थांबवतो. तयारी करा." मी पिशवी भरली. काय भरलं ते आता आठवत नाही. भंडाऱ्याला गाडी बदलून साकोलीला पोचले तेव्हा दुपार झाली होती आणि घरापुढे माणसं जमली होती.

मामाजींना अंगणात घेतलं होतं. आमचं दुकान बंद, म्हणून शेजाऱ्यांनी दुसरीकडून पांढरं कापड आणून उशाशी ठेवलं होतं. मी पाया पडायला वाकले आणि माझा हात आपोआप त्या कापडाच्या काठावर गेला. अंगठा आणि पहिलं बोट, मध्ये कापड, एकदा हलकेच घासायचं... तेरा वर्षांत मामाजींनी लावलेली सवय. बोटांना कळलं, हे निखळ सुती नाही. यात टेरिलिन आहे. अशा वेळी सुनेनं काही बोलावं अशी आमच्याकडे पद्धत नाही, आणि चार माणसांत तोंड उघडायचं मला एरवीही जमत नाही. पण मी यजमानांजवळ जाऊन हळूच म्हटलं, "हे कापड जळत नाही, वितळतं. मामाजींना हे नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता कमरेची किल्ली काढून दिली. दुकानाची एक फळी सरकवून मी आत गेले. डावीकडे, सगळ्यात खालच्या कप्प्यात, मांजरपाटाचा एक तागा मामाजी या एकाच कामासाठी ठेवत. त्याला ते गज लावत नसत, कात्रीही लावत नसत. काठाला दातांनी जराशी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी फाडत जायचं. मी फाडलं. सुती कापड सरळ रेषेत फाटतं आणि फाटताना लांब, कोरडा आवाज करतं. तो आवाज बाहेर गेला असावा, कारण अंगणातलं बोलणं एकदम थांबलं.

हे सगळं लिहायला मी बसले आहे ते मामाजी किती चांगले होते हे सांगायला नाही. ते त्यांच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. माझी एक चूक त्यांनी नऊ वर्षं स्वतःच्या नावावर वागवली, आणि ते जिवंत असेपर्यंत ती माझी होती हे सांगायचं माझ्याच्यानं झालं नाही. ते सांगायचं आहे. पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

लग्न होऊन मी साकोलीला आले ते चौऱ्याहत्तर साली. वडील शाळामास्तर, त्यामुळे घरात पुस्तकं होती आणि कपडे मोजके. बी. ए. झालेली सून म्हणून माझं कौतुक झालं खरं, पण कापडातलं मला काही म्हणता काही कळत नव्हतं. सुती, रेशमी आणि "ते चमकतं ते", एवढ्या तीन जाती मला माहीत होत्या. सासूबाई आधीच गेलेल्या. यजमान सरकारी कचेरीत कारकून, ते सकाळी जात आणि संध्याकाळी येत. दुपारभर घरात मी आणि समोर दुकानात मामाजी. मी आतल्या दाराशी पुस्तक घेऊन बसायची. महिनाभर त्यांनी पाहिलं. मग एक दिवस तिथूनच म्हणाले, "काय वाचून राहिली व बाई?" मी पुस्तकाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "वाच, वाच. ते संपलं का इकडं ये. इथंबी लय वाचासारखं आहे, फक्त अक्षरं नाही."

तेव्हापासून दुपारी गिऱ्हाईक नसताना माझी शिकवणी चालायची. ते मला डोळे मिटायला सांगत आणि हातात एकेक तुकडा देत. मलमल, खादी, मांजरपाट, पॉपलीन, लाँगक्लॉथ. सगळा कापूसच, पण कुठं सूत जाड, कुठं पीळ जास्त, कुठं वीण दाट, कुठं विरळ. "कापूस एकच आहे, बाई. त्याले कसं कातलं आन् किती दाटीनं विनलं, त्यावर त्याचा सोभाव ठरते," ते म्हणायचे. कोऱ्या कापडाला खळ असते, भाताच्या पेजेची किंवा मैद्याची; ती धुऊन गेल्याशिवाय कापडाचा खरा पोत कळत नाही, म्हणून कोऱ्याची मऊ-कडक अशी पारख करायची नाही. कृत्रिम रेशमाचा धागा जिभेवर ओला करून ओढला की पटकन तुटतो. कापसाचा ओला झाला की उलट चिवट होतो. आणि सगळ्यात शेवटची परीक्षा, काडेपेटीची. काठाचा एक धागा उपसून ज्योतीला लावायचा. कापूस कागदासारखा भराभर जळतो, मागं चिमटीत न सापडणारी राख उरते. रेशीम आगीपासून अंग चोरतं आणि केस जळल्याचा वास सोडतं. टेरिलिन वितळतं, काळा धूर काढतं आणि निवलं की टोकाला टाचणीच्या डोक्यासारखा कडक मणी होतो. पहिल्यांदा तो मणी मी गरम असतानाच धरला आणि बोट भाजून घेतलं. मामाजी हसले. "आता नाही इसरनार."

माझ्यासारखीला हे सगळं लिहून ठेवल्याशिवाय चैन पडेना. मी दोनशे पानी वही केली. एका पानावर एक तुकडा टाचणीनं लावायचा, शेजारी त्याचा जळका धागा, आणि खाली मामाजी जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत. मांजरपाटाच्या पानावर लिहिलं आहे, "याले कोनी आवडीनं घेत नाही, पन याच्याबिगर कोनाचं चालत नाही." टेरिकॉटच्या पानावर, "इस्त्री लागत नाही, घाम पेत नाही. हापिसात जानाऱ्याले चांगलं, चिखलात उतरनाऱ्याले नाही." वही पाहून ते खूश व्हायचे, पण कधीकधी मान हलवायचे. "कागदावर लिवलेलं तू खरं मानते. आधी हात लाव. छापलेलं, लिवलेलं मंग वाच."

ते मूळचे पवनीच्या विणकर घरातले. एकदा मला घेऊन ते तिकडे गेले होते. थोरले भाऊ तेव्हाही मागावर बसत. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, पायांखाली पावड्या. मागावर कोशाची करवतकाठी साडी चढलेली. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवरून काढून आणलेले रानरेशमाचे कोसे टोपलीत पडले होते, करड्या रंगाचे, वाळक्या फळांसारखे टणक. राखेच्या पाण्यात ते उकळायचे, मऊ झाले की चार-पाच कोशांची टोकं एकत्र धरायची आणि मांडीवर वळत वळत धागा ओढायचा. घरातली एक म्हातारी ते करत होती. तिच्या मांडीवरची तेवढीच जागा गुळगुळीत, चकचकीत झाली होती. मागावर आडवा धागा नेणारे धोटे तीन. एक मधल्या अंगासाठी, दोन दोन्ही काठांसाठी. काठ सुती, अंग कोशाचं, आणि दोन्ही जिथं मिळतात तिथं करवतीचे दात. एकट्यानं ते होत नाही, पलीकडून धोटा परत द्यायला दुसरं माणूस लागतं. "लहानपनी आई बसे पलीकडं," मामाजी म्हणाले. "बाप इकडून धोटा देये, आई तिकडून. दिवसदिवसभर बोलत नसत, पन धोटा चुकत नसे." भाऊ मागावरूनच म्हणाले, "आन् तू पळाला गिरनीचं कापड इकाले." चेष्टाच होती ती. पण परत येताना मामाजी गाडीत बराच वेळ बाहेर पाहत होते. भंडारा आलं तेव्हा म्हणाले, "बरोबरच बोलला तो. हातानं विनाचं सोडून मी दुसऱ्यानं विनलेलं इकून राहिलो. मंग निदान काय इकतो, ते त खरं सांगाव."

हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही. कोणत्या कापडाखाली लिहावं ते कळलं नाही.

आता ती चूक. अठ्ठ्याहत्तरचा वैशाख होता, लग्नसराई. दिघोरीची एक मंडळी लग्नाचा बस्ता घ्यायला आली होती. बाप, मामा, दोन बायका, आणि जिचं लग्न ती कुसुम, अठरा-एकोणीस वर्षांची, लाजण्याऐवजी सगळे तागे उलटेपालटे करून पाहणारी. आमच्या भागातल्या शेतकरी घरांत तेव्हा नवरीचं हळदीचं पातळ पिवळं विकत घेत नसत. कोरं पांढरं घ्यायचं आणि घरी हळदीत भिजवायचं. तेच नेसून तिला हळद लागायची, तेच नेसून ती होमापुढं बसायची. मामाजी जेवायला आत गेले होते आणि दुकानात मी होते. त्याच्या आदल्या आठवड्यात मी एक उद्योग केला होता. कप्प्यांतल्या एकेका गठ्ठ्यावर, माझ्या सुवाच्य अक्षरांत, चिठ्ठ्या टाचल्या होत्या. मामाजी बघून म्हणाले होते, "कापडाले चिठ्ठी कायले पाहिजे? त्याले का कुठं पोस्टात टाकाचं आहे?" पण काढल्या नाहीत. पांढऱ्या पातळांचे दोन गठ्ठे शेजारी शेजारी होते, एक मलमलीचा, एक नव्यानं आलेल्या टेरिलिन-मिसळीचा. मी माझी चिठ्ठी वाचली, 'मलमल', आणि वरचं पातळ काढून दिलं. हात लावला, पण बोटांना विचारलं नाही. गर्दी होती, ऊन होतं, आणि अक्षर माझंच होतं... चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. टाचताना मीच केली होती.

चारेक दिवसांनी, सकाळी दुकान उघडताच, कुसुमचा मामा पहिल्या गाडीनं आला. पिशवीतून त्यानं ओलं पातळ काढलं आणि ओट्यावर ठेवलं. कुठं फिकट पिवळं, कुठं पांढरंच, जणू कुणी नुसते हळदीचे हात पुसले आहेत. "सेठ, दोनदा भिजवलं. खंगाळलं का सारी हळद पान्यात. चढूनच नाही राहिली." तो माणूस चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. नवरदेवाकडच्या बायका हळद घेऊन आदल्या दिवशीच येऊन राहिल्या होत्या. त्यात नवरदेवाची आत्या होती, जिच्या शब्दाबाहेर तिकडचं कोणी नाही. तिनं ते पातळ दोरीवर पाहिलं आणि मांडवात सगळ्यांदेखत म्हणाली होती, "हळदच धरून नाही राहिली, त हे पोरगी घर काय धरन?" तेव्हापासून नवरदेवाकडचे पुरुष वेगळे बसून बोलत होते. कुसुमच्या बापानं रात्री घास घेतला नव्हता. "आज दुपारपर्यंत काही झालं नाही त ते लोक उठून जातीन, सेठ," मामा म्हणाला.

मामाजींनी पातळाचा काठ चिमटीत धरला. मग उठून कप्प्याशी गेले, दोन्ही गठ्ठ्यांना हात लावला आणि माझ्या दोन्ही चिठ्ठ्या काढून खिशात घातल्या. मी दारातून पाहत होते. त्यांनी मलमलीचं पातळ घेतलं, चांगलं चोळून चोळून पाहिलं, पिशवीत टाकलं, आणि म्हणाले, "बाई, दुकान बंद कर. तूबी चाल."

गाडीत ते माझ्याशेजारी बसले. मामा पुढच्या बाकावर होता. मी हळू आवाजात म्हटलं, "मामाजी, माझ्या हातून झालं जी. मी सांगते तिथं सगळ्यांना."

"तू तेथी काही बोलनार नाहीस."

"पण चूक माझी आहे."

"दुकान कोनाचं आहे?" ते म्हणाले. थोड्या वेळानं, खिडकीतून बाहेर पाहत, "अक्षर तुझं लय सुंदर आहे. बोट अजून कच्चं आहे. पिकन."

दिघोरीला मांडवात शिरलो तेव्हा दोन्हीकडची माणसं दोन टोकांना बसली होती आणि मधल्या जागेत परातीत कालवलेली हळद तशीच पडून होती, कडेनं सुकून भेगाळलेली. कुसुम आत होती. मामाजींनी पाणी मागितलं नाही, बसले नाहीत. सरळ त्या आत्यापुढं जाऊन उभे राहिले. "राम राम, आत्याबाई. मी साकोलीचा कापडवाला. पातळ माझ्या दुकानातलं आहे."

"आयकलं," आत्या म्हणाली. "मंग काय, हळदबी तुमच्याच दुकानातून आनाची होती काय?"

दोघी-तिघी हसल्या. मामाजीही हसले आणि तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी दिवा मागवला. जुन्या पातळाचा, जिथं ते सुकलं होतं तिथून, एक धागा उपसला आणि ज्योतीला लावला. धागा आक्रसला, काळा धूर निघाला. "निवू द्या. आता हात लावून पाहा." आत्यानं तो मणी बोटांत फिरवला. "हे त दगड झालं, बाप्पा!" मग त्यांनी पिशवीतल्या पातळाचा धागा जाळला. भुरकन जळून राख झाली, आणि ती त्यांनी तिच्या तळहातावर फुंकरीनं उडवून दाखवली. "हे कापसाचं. ते अर्धं कापसाचं नाही. जमिनीतून तेल निघते ना, ज्याचं राकेल होते, त्यातून कारखान्यात काढलेला धागा आहे तो. तेलावर हळद कशी चढन, सांगा? पोरीत खोट नाही, आत्याबाई. हळदीत खोट नाही. खोट माझ्या दुकानात होती. मलमल म्हनून मी भलतंच देलं. आन् हे नेसून पोरगी होमापुढं बसली असती आन् ठिनगी उडाली असती, त अंगाले चिकटलं असतं. हळदीनं वाचवलं म्हना तिले."

मी त्यांच्यामागं उभी होते. 'मी दिलं,' एवढे दोन शब्द होते. मांडवात इतकी शांतता होती की ते हळू उच्चारले असते तरी सगळ्यांना ऐकू गेले असते... मी बोलले नाही.

आत्यानं तो मणी दिव्याशेजारी ठेवला. "दुकानदार आपल्याच मालाले खोटा म्हनते, हे मी आजच पाह्यलं," ती म्हणाली. "पन चढली पाहिजे बरं का, सेठ. हे बी पांढरंच राह्यलं त तुमालेच हळद लावून पाठवीन." आता मात्र दोन्ही टोकांची माणसं हसली.

मामाजींनी घाई करू दिली नाही. कोऱ्या कापडाची खळ निघाल्याशिवाय हळद आतपर्यंत जात नाही, म्हणून पातळ आधी गरम पाण्यात भिजवलं, दगडावर आपटलं, पुन्हा भिजवलं. तुरटीचा खडा पाण्यात फिरवला. नवी हळद कालवली. आणि बायकांच्या घोळक्यात तो साठीकडे झुकलेला माणूस बाह्या सरसावून परातीशी बसला आणि स्वतःच्या हातांनी ते पातळ कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मळू लागला. मला म्हणाले, "तिकडून धर, बाई." मी दुसरं टोक धरलं. ते इकडून ढकलायचे, मी तिकडून ओढायची. माझ्या डोळ्यांपुढे पवनीचा माग आला. आम्ही बोललो नाही. पिळून झटकलं तेव्हा सबंध पातळ एकसारखं, झेंडूच्या फुलासारखं पिवळं झालं होतं. आत्यानं पुढं होऊन एक टोक स्वच्छ पाण्यात खंगाळलं, उजेडात धरलं आणि ओरडली, "चढली व! चढली!" आत कुणीतरी रडायला लागलं. ती कुसुमची आई होती.

जुनं पातळ मामाजींनी परत मागितलं, पण कुसुमच्या आईनं दिलं नाही. "राहू द्या जी, पुसापासाले होईन."

त्यानंतर वर्षभर आमच्या दुकानात एक नवीनच करमणूक सुरू झाली. साध्या टॉवेलाचं गिऱ्हाईकसुद्धा म्हणायचं, "सेठ, काडी लावून दाखवा बरं." मामाजी गल्ल्याशेजारी काडेपेटी ठेवू लागले आणि न कंटाळता प्रत्येकाला धागा जाळून दाखवत. दिघोरीकडचं कोणी आलं की हमखास विषय निघायचा. "त्या टायमाले तुमी चुकले होते, सेठ!" मामाजी मोठ्यानं हसायचे. "चुकलो होतो, भाऊ. डोळे म्हातारे झाले." मी तिथंच कापड मोजत उभी असायची. ते माझ्याकडे चुकूनही पाहत नसत. पाहिलं असतं तर बरं, असं मला वाटायचं. माझ्या वहीत त्या दिवसानंतरही पुष्कळ तुकडे लागले, पण मधलं एक पान मी कोरं सोडलं होतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांना बसवत नव्हतं. मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. एकदा वाचता वाचता थांबून म्हटलं, "मामाजी, आता तरी मला सांगू द्या. कुसुमच्या घरी जाऊन सांगते." कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. डोळे मिटलेले होते. हात गोधडीच्या काठावर होता, अंगठा आणि पहिलं बोट. "सांगजो ना," ते म्हणाले. "घाई कायची आहे? कोरं कापड आधी भिजू द्याव, आटू द्याव, मंग शिवाव. नाही त अंगात गेल्यावर आटते." मग जरा वेळानं, "वाच. पुढं काय झालं?"

तेरवीला दिघोरीचं कोणी आलं नाही, धानाची कापणी चालू होती. कुसुम आली ती परवा, दुपारच्या गाडीनं, एकटीच. अंगानं भरली आहे, दोन मुलांची आई आहे, आणि बोलायला अजून तशीच मोकळी. मामाजींच्या फोटोपुढं बसून तिनं डोळे पुसले आणि माझ्यापुढं एक गाठोडं सरकवलं. "नवे तांदूळ आहेत, वहिनी. सेठजीले खाऊ घालाचे राह्यले." मी गाठ सोडायला हात लावला. कापड मळकट पांढरं, धुऊन धुऊन झिलई गेलेलं, मध्ये मध्ये जुन्या पिवळ्या डागांच्या पुसट खुणा. पण मी डागांकडे नंतर पाहिलं. आधी बोटांना कळलं होतं.

"हे ते पातळ," मी म्हटलं.

"हो, त्याचाच तुकडा. फाटतच नाही जी ते! बिजाईचे धान झाकून झाले, पोट्टे निजवून झाले, तांदूळ बांधून झाले. माझं हळदीचं मलमलीचं होतं ते कवाच इरलं. हे मात्र हाय तसंच हाय." ती हसली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं, वहिनी?"

मी सांगितलं. चिठ्ठ्या, गर्दी, मलमलीचा गठ्ठा, गाडीतलं बोलणं, मांडवात त्यांच्यामागं उभं राहणं. नऊ वर्षं मनात इतक्यांदा रचून ठेवलेलं बोलणं होतं, प्रत्यक्षात चार-पाच वाक्यांतच संपलं. कुसुम ऐकत होती. तिची बोटं तांदळात फिरत होती.

"म्हनजे आमी सारे त्याईले चुकले चुकले म्हनो," ती सावकाश म्हणाली, "आन् तुमी तेथीच उभ्या राहा?"

"हो."

"आन् ते हसत?"

"हो."

तिनं तांदळातून हात काढून घेतला. मला वाटलं, ती उठून जाईल, आणि तिनं तसं केलं असतं तर ते चुकीचं नव्हतं. "माझा बाप त्या राती जेवला नव्हता, वहिनी," ती शेवटी म्हणाली. "ते मी इसरनार नाही." मग तिनं पदरानं नाक पुसलं. "पन आत्याबाईले मी हे सांगीन. अजून जिती आहे म्हातारी. म्हनन, दुकानदार त दुकानदार, त्याची सून बी आपल्या मालाले खोटा म्हनते."

मी सूप आणून तांदूळ त्यात ओतले आणि तिला म्हटलं, या कापडाचा एक तुकडा मला देशील? ती म्हणाली, "अख्खं घ्या." मी म्हटलं, नको, बोटभरच हवं, तू तांदूळ बांधायला ठेव, तुझ्या नातवंडांपर्यंत पुरेल ते. वही आणली, कोरं पान काढलं. काठाला दातांनी चीर दिली आणि मामाजी करत तसं दोन्ही हातांनी ओढलं. फाटेना. कुसुमनं एक बाजू धरली, मी दुसरी, दोघींनी मिळून ओढलं. कापड नुसतं ताणलं गेलं, आवाजसुद्धा केला नाही. कुसुमला हसू फुटलं, मग मलाही... त्या घरात तीन-चार आठवड्यांनी कुणी हसत होतं. शेवटी मी आतून कात्री आणली.

तो तुकडा आता त्या पानावर आहे. शेजारी त्याचा जळका धागा, टोकाला काळा मणी. खाली मामाजींचं वाक्य लिहायची माझी पद्धत. पवनीहून परतताना ते जे बोलले होते, ज्याला इतकी वर्षं पान सापडत नव्हतं, ते तिथं लिहिलं: 'निदान काय इकतो, ते त खरं सांगाव.' त्याखाली एक ओळ माझी: 'हे पातळ मी दिलं होतं.' टाचणी लावली आणि पान मिटलं. मग पुन्हा उघडलं, आणि वाचण्याआधी अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं तुकडा एकदा घासून पाहिला.